उंबरचौकातली रहाड

"पाय आपटा!" मी म्हणालो. "लाजू नका हो, चांगले जोरात आपटा. खाली काय आहे ते मग सांगतो."

पिवळ्या वर्तुळात दाटीवाटीनं उभ्या राहिलेल्या बारा माणसांनी एकदम पाय आपटले आणि खालून धब्ब असा पोकळ आवाज आला. दोघी मैत्रिणी किंचाळून बाहेर पळाल्या. पुण्याचे एक काका घाईघाईनं कडेला सरकले आणि वाकून फरशीकडे बघायला लागले. हा क्षण मला फार आवडायचा. आठवडाभर मी त्याच्यावरच जगायचो म्हणा ना.

"मंडळी, तुम्ही आत्ता बारा फूट खोल हौदावर उभे आहात," मी आवाज खाली आणून सांगितलं. "ह्याला रहाड म्हणतात. जमिनीतला दगडी हौद. रंगपंचमीला उघडायचा, फुलांचा रंग उकळून त्यात भरायचा, आणि माणसांनी वरून धप्पकन उडी मारायची. त्या उडीला आमच्याकडे धप्पाच म्हणतात. दुसऱ्या दिवशी वरून सागाच्या तुळया टाकायच्या, माती लोटायची, की वर्षभर पुन्हा रस्ता. नाशकात अजून काही रहाडी उघडतात. ही उंबरचौकातली मात्र दोन तालमींच्या भांडणात बंद पडली. पहिला नारळ कुणी फोडायचा, एवढंच भांडण. पन्नास वर्षं झाली, ती इथं अशीच झोपलीय. तुमच्या पायाखाली."

सगळे आपापल्या पायांकडे बघायला लागले. माझी तेवीस रविवारांची मेहनत होती ती, बघणारच.

गोष्ट अठरा वर्षांपूर्वीची. दत्तजयंती नेमकी रविवारी आली होती, सकाळचे नऊ वाजले होते आणि नाशिकची थंडी चांगली बोचत होती. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होतो आणि 'गोदाकाठ फेरी'त उमेदवारी करत होतो. रविवारी सकाळी सात वाजता नारोशंकराच्या घंटेपाशी माणसं गोळा करायची, पूल ओलांडून नदीतल्या दुतोंड्या मारुतीपाशी यायचं, पुराचं पाणी त्याच्या कुठवर चढलं की कुठल्या बाजाराचं धाबं दणाणतं ते सांगायचं, मग भांडी बाजार, सराफ बाजार, बोळाबोळांतून उंबरचौक आणि शेवटी पेशवेकालीन सरकारवाडा. त्याआधी मी चिवड्याची एजन्सी बुडवली होती आणि विमा विकायचा प्रयत्न करून नातेवाईक तोडले होते. आई म्हणायची, भालचंद्राची जीभ चालते तेवढे हात चालले असते तर आमचा बंगला झाला असता. इथं निदान जीभच चालवायची होती.

आमच्या मालकीणबाई कुलथे मॅडम. शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या, खादीची साडी, पायात कॅनव्हासचे बूट. त्यांचा नियम एकच. माहीत असेल तेवढं सांगा, माहीत नसेल तिथं माहीत नाही म्हणा. थाप सापडली तर त्याच दिवशी बिल्ला काढून द्यायचा. बिल्ला म्हणजे छातीवरचा पितळेचा, भांडी बाजारातून ठोकून घेतलेला. माझी उमेदवारी त्या दिवशी संपत होती. मॅडम स्वतः फेरीबरोबर चालत होत्या, आणि सगळं नीट पार पडलं तर संध्याकाळी माझी कायमची नेमणूक होणार होती. तिसरी नोकरी लागत होती आणि ही टिकावी असं मला मनापासून वाटत होतं.

आता थापेचं सांगतो. पिवळं वर्तुळ ही थाप होती.

उंबरचौकात रहाड होती, हे खरं होतं. कुठं होती, हे कुणाला ठाऊक नव्हतं. जुनी माणसं केव्हाच इंदिरानगरला, गंगापूर रोडला फ्लॅटमध्ये गेली होती. उरलेल्या चौघांना विचारलं तर त्यांनी पाच जागा दाखवल्या. मग मी चहाच्या टपरीसमोरची जागा धरली. तिथं सावली होती, माणसं टेकू शकत होती, आणि मुख्य म्हणजे खालून गटाराचं चेंबर जात असल्यामुळे पाय आपटला की आवाज भारी यायचा. मला काय माहीत की लोक एवढा विश्वास ठेवतील! चौथ्याच रविवारी बंडूशेठ कोठुळ्यांनी त्या जागेभोवती पिवळा रंग मारला. बंडूशेठ म्हणजे पानसुपारीचे घाऊक व्यापारी आणि कुणी न नेमलेले चौकाचे पाटील. पुढच्या रविवारी तिथं फलक लागला : 'ऐतिहासिक रहाड. येथे वाहने उभी करू नयेत.' मी फलक वाचला, मान डोलावली आणि पुढं गेलो. आपल्याच थापेला दुसऱ्यानं रंग मारला की ती खरी वाटायला लागते राव.

तर त्या सकाळी बारा जणांनी पाय आपटले आणि तेरावी एक म्हातारी वर्तुळाबाहेर उभी राहिली. सुती नऊवारी, वरून मुलाचा वाटावा असा तपकिरी स्वेटर, हातात कापडी पिशवी. नाव सांगितलं होतं अंबूबाई काळोखे, मुक्काम मनमाड. सकाळपासून त्या मधेमधे शेरे मारत होत्या आणि लोक हसत होते.

"आजी, तुम्ही का बाहेर? या की."

"कशाला?"

"पाय आपटायला."

"गटारावर?" त्या म्हणाल्या. "गटारावर पाय आपटायला मी पहाटे पाचची गाडी धरून आले होय रे? मनमाडला काय गटारं कमी आहेत?"

सगळे खो खो हसले. मीही हसलो, पण कानाच्या पाळ्या गरम झाल्या. कुलथे मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी फक्त माझ्याकडे पाहिलं.

"आजींना गंमत करायची सवय आहे," मी म्हणालो. "दोन मिनिटं चहा घ्या मंडळी, मग सरकारवाड्याकडे निघू."

लोक टपरीकडे वळले. अंबूबाई माझ्याजवळ आल्या. आता त्यांच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती.

"बाळा, कुणी सांगितलं तुला रहाड इथं आहे म्हणून?"

"संशोधन आहे आजी."

"चुलीत घाल तुझं संशोधन. रहाड तिथं आहे," आणि त्यांनी बोट केलं.

मी बोटाच्या दिशेनं पाहिलं. चौकाच्या पलीकडच्या अंगाला, दत्ताच्या देवळाच्या उजव्या हाताला, पाण्याचा टँकर उभा होता. दत्तजयंतीचा भंडारा होता ना, दुपारी पाचशे पानं उठायची होती. टँकर नुकताच आला होता, काठोकाठ भरलेला. त्याला लागूनच सतरंज्या अंथरून चौकातल्या अकरा बाया पुऱ्या लाटायला बसल्या होत्या.

"तुम्हाला कसं माहीत?" मी विचारलं.

"मी दगडू वस्तादाची पोरगी. आमच्या बापाच्या तालमीचीच होती रहाड. पोरींना तिच्यात उतरू द्यायचे नाहीत, मग नऊ वर्षांची असताना मी आमच्या ओट्यावरून मारला धप्पा. थेट पिवळ्या रंगात! बापानं केसाला धरून वर काढलं आणि ह्या दत्ताच्या पायरीवर उभं करून अशी कानफटात ठेवून दिली की आठ दिवस कान वाजत होता. रंग गेला, आवाज राहिला. आणि तू मला रहाड कुठं ते सांगतोस?"

असं कुणी खोटं सांगत नाही. पायरीसकट, थपडेसकट आठवण होती ती.

"तिच्यावरच्या तुळया कुजल्या असतील आता," त्या म्हणाल्या. "एवढं जड धूड उभं केलंय वर. सांग त्या लोकांना."

मी टँकरकडे पाहिलं, मॅडमकडे पाहिलं. मॅडम टपरीशी उभं राहून बशीत चहा ओतत होत्या. सांगायचं म्हणजे काय सांगायचं? टँकर हलवा, खाली रहाड आहे. मग इथं काय आहे? इथं गटार आहे. मग तेवीस रविवार तुम्ही काय सांगत होतात? संपलं. बिल्ला गेला, नोकरी गेली, आईसमोर पुन्हा तेच तोंड घेऊन उभं राहायचं.

माणसाचं डोकं अशा वेळी किती हुशार होतं बघा. मी स्वतःला म्हणालो, पन्नास वर्षं त्या जागेवरून माणसं जातायत, सायकली जातायत, काही झालं का? नाही. मग आजच व्हायला काय त्या रहाडीनं मुहूर्त काढलाय? टँकर दोन तासांत रिकामा होईल, जाईल. फेरी संपली की संध्याकाळी बंडूशेठला हळूच बाजूला घेऊन सांगू.

"बघतो आजी," मी म्हणालो. मग टाळी वाजवली. "चला मंडळी! सरकारवाडा!"

आणि मी निघालो. हो, निघालो. हे मी आजवर फार थोड्या लोकांना सांगितलंय. लोक माझ्यामागून आले, मी पाठ फिरवून बोळाच्या तोंडापर्यंत गेलो. सरकारवाड्याच्या दगडांविषयी तोंडानं काहीतरी सांगतही होतो.

बोळाच्या तोंडाशी वळताना सवयीनं माणसं मोजली. एक कमी. अंबूबाई नव्हत्या. त्यांना शोधायला मागं पाहिलं आणि टँकरखाली नजर गेली.

टँकरचा मागचा नळ गळत होता. चांगली करंगळीएवढी धार होती. जुन्या नाशकात कुठंही तांब्याभर पाणी सांडा, ते उताराला लागतं आणि गोदावरीची वाट धरतं. इथल्या प्रत्येक बोळाला नदीकडे ढाळ आहे. हे मी दर फेरीत लोकांना बाटलीनं पाणी ओतून दाखवायचो, आणि ही काही थाप नव्हती. पण टँकरचं पाणी कुठंच जात नव्हतं. डाव्या चाकाशी येत होतं आणि फरशीच्या ठोकळ्यांच्या फटीतून खाली नाहीसं होत होतं. चौक कोरडा ठणठणीत.

आणि त्याच वेळी दुसरी गोष्ट डोक्यात आली. ह्याआधी भंडाऱ्याचा टँकर कुठं लागायचा? टपरीसमोर. दरवर्षी टपरीसमोरच लागायचा. माझ्या वर्तुळानं त्याला तिथून उठवून पलीकडे नेलं होतं. पन्नास वर्षं त्या रहाडीवर कुणी जड गाडी लावली नव्हती, ती लावायला मी शिकवलं होतं.

मी पळत सुटलो. सरकारवाडा, मॅडम, माणसं, सगळी तिथंच.

"बंडूशेठ! टँकर हलवा! आत्ताच्या आत्ता हलवा!"

बंडूशेठ कढईत तेल ओतून घेत होते. नवा फेटा, कपाळाला अष्टगंध. अंबूबाई बायांपाशी काहीतरी बोलत उभ्या होत्या, तिकडे माझं लक्ष नव्हतं.

"काय झालं निरगुडे? असे धापा काय टाकताय?"

"टँकर हलवा. खाली रहाड आहे."

"खाली?" बंडूशेठ हसले. "अहो तुम्हीच तर सांगता दर रविवारी. रहाड तिकडं, वर्तुळात. म्हणून तर आम्ही टँकर इकडं लावला."

"हो, पण आता... नवीन संशोधन झालंय."

बघा, तेव्हाही! माणूस बुडताना काडी धरतो म्हणतात, मी थाप धरली.

"कधी झालं?"

"आत्ता."

"मग संशोधन सोमवारी बघू," बंडूशेठ म्हणाले. "आज दत्तजयंती आहे. रऊफभाई, पाइप जोडा हो."

टँकरवाले रऊफभाई पाइप घेऊन चाकाशी बसायला निघाले होते. चाकाखालच्या ठोकळ्यांतून बारीक कर्र असा आवाज आल्यासारखा मला वाटला. वाटला की खरंच आला, देव जाणे. माझं भान सुटलं असं म्हणा.

"थाप होती!" मी ओरडलो. इतक्या जोरात की स्पीकरवरची आरती लावणाऱ्यानं ती बंद केली. "थाप होती ती, बंडूशेठ! मला माहीतच नव्हतं रहाड कुठंय! टपरीची सावली होती म्हणून तिथं सांगितलं! खाली गटाराचं चेंबर आहे, पाय आपटला की आवाज येतो म्हणून सांगितलं! रहाड इथं आहे, ह्या टँकरखाली, आणि पाणी बघा कुठं जातंय!"

बोळातून माझी सगळी माणसं परत आली होती, सगळ्यांत पुढं कुलथे मॅडम. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही, हिंमतच नव्हती.

बंडूशेठच्या हातातला तेलाचा डबा तसाच राहिला. आधी त्यांना कळेना, मग कळलं, आणि मग चेहरा लाल झाला.

"म्हणजे मी गटाराला रंग मारला?"

"हो."

"गटाराला फलक लावला?"

"हो."

"आमदारांना बोलावून गटारावर नारळ फोडायचं ठरवत होतो मी!" ते माझ्या अंगावर आले. "थापाड्या, आता तरी खरं बोलतोयस कशावरून? तेव्हा खोटं, आता खरं? का ही पण थापच?"

मी नुसता हात जोडून उभा राहिलो. तेवढ्यात रऊफभाईंनी पाइप खाली टाकला. ते गुडघ्यावर बसून चाकाकडे बघत होते.

"शेठ," ते म्हणाले, "ह्याचं सोडा. पानी तर खाली चाललंय. जमिनीत चाललंय ना सगळं." त्यांनी फटीत बोट घातलं. बोट पुरं आत गेलं. "या अल्ला. बाजूला व्हा सगळे. त्या बायांना उठवा आधी."

पण बाया उठल्याच होत्या. पोळपाट-लाटणी घेऊन देवळाच्या पायऱ्यांवर गेल्या होत्या. एक म्हातारी गुडघ्यामुळे अडली होती, तिला दोघींनी काखेत हात घालून ओढलं. लाटलेल्या पुऱ्यांची परात तेवढी मागं राहिली.

"रऊफभाई, गाडीत नका बसू!" मी म्हणालो. "सोडा टँकर, जाऊ द्या खाली!"

"माझा टँकर आहे, तुझा नाही," असं म्हणून ते वर चढले.

इंजिन सुरू झालं तसा टँकर थरथरला. खालून कडाड असा आवाज आला, आणि ह्या वेळी तो सगळ्यांनी ऐकला. मागचं डावं चाक वीतभर खाली गेलं. बायांनी एकच किंकाळी फोडली. रऊफभाईंनी गाडी थांबवली नाही. त्यांनी दात ओठ खाऊन गियर टाकला आणि सगळा जीव त्या एका पायात घातला. चाक गरागरा फिरलं, ठोकळे उडाले, एक ठोकळा बंडूशेठच्या फेट्याला चाटून गेला. मग टँकर हिसका देऊन वर आला, चौक ओलांडून सुसाट पुढं गेला आणि फलक आडवा करून पिवळ्या वर्तुळात जाऊन थांबला.

त्याच्या मागं जमीन बसली. एकदम नाही. आधी मधले ठोकळे गेले, मग कडेचे, मग परात, मग सतरंजी, आणि बऱ्याच वेळानं खालून परातीचा आवाज आला. धूळ बसली तेव्हा बैलगाडी मावेल एवढं भगदाड पडलं होतं. आत काळे दगड दिसत होते आणि जुन्या ओलीचा वास येत होता.

मग देवळाच्या पायरीवरून कुणीतरी "दिगंबरा, दिगंबरा" सुरू केलं आणि सगळा चौक त्यात मिसळला. बाया एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या आणि हसतही होत्या. रऊफभाई खाली उतरले, स्वतःच्याच टँकरच्या नळाखाली डोकं धरून उभे राहिले. बंडूशेठनी जाऊन त्यांना ओल्या कपड्यांसकट मिठी मारली. मी दत्ताच्या पायरीवर बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. कुणी मेलं नाही, कुणी मेलं नाही, एवढंच डोक्यात चाललं होतं.

पुण्याचे काका माझ्यापाशी आले. त्यांनी भगदाडाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"हे दर रविवारी असतं का हो?" त्यांनी विचारलं.

मला हसू फुटलं. रडताना हसू आलं की नाकातून पाणी येतं, तसं ते आलं आणि नेमक्या त्याच वेळी कुलथे मॅडम समोर येऊन उभ्या राहिल्या. मी बिल्ला काढून त्यांच्या हातात दिला.

"किती रविवार सांगितलीत ही गोष्ट?"

"आजचा धरून तेवीस."

"म्हणजे तीनेकशे माणसं. ती आपापल्या घरी जाऊन हेच सांगत असणार."

"हो मॅडम."

"नावं-पत्ते ऑफिसात वहीत आहेत. प्रत्येकाला पत्र लिहा. स्वतःच्या हातानं, पूर्ण पानभर. काय सांगितलं होतं आणि खरं काय आहे. सगळी लिहून झाली की बिल्ला मागायला या." त्या दोन पावलं गेल्या आणि वळल्या. "अक्षर नीट काढा, निरगुडे. तुमचं अक्षर गिचमिड आहे."

पत्रं होळीपर्यंत पुरली. मधल्या बोटाला घट्टा पडला. पण त्या वेळी मला एवढंच कळलं की त्यांनी दार लावलं नव्हतं, आणि मी त्यांच्या पाया पडायला वाकलो तर त्या "पुरे, पुरे" म्हणत मागं सरकल्या.

भंडारा काही थांबला नाही. भगदाडाभोवती दोर बांधला, आणि चुली, कढया, पत्रावळ्या सगळं मागच्या आळीत हललं. तास-दीड तास उशिरा पहिली पंगत बसली. बंडूशेठ माझ्याशी बोलत नव्हते, पण वाढायला आले तेव्हा माझ्या पानात जिलबी आदळून गेले. एक नाही, दोन आदळल्या. अंबूबाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. एव्हाना चौकातल्या सगळ्या बायांना त्या कुणाच्या कोण ते कळलं होतं आणि पाच जणी पाच भाज्या घेऊन त्यांच्या पुढ्यात उभ्या होत्या. माहेरपण मिरवत होती म्हातारी!

लोक येऊन माझी पाठ थोपटत होते. वेळेवर आलात हो, तुमच्यामुळे अकरा घरं वाचली, वगैरे. प्रत्येक थापेसरशी मी पानावर आणखी वाकत होतो. शेवटी राहवेना.

"आजी, एक सांगायचंय."

"सांग की."

"तुम्ही सांगितल्यावर मी निघून चाललो होतो. कळलं होतं तरी. बोळापर्यंत गेलो होतो. माणसं मोजायला मागं वळलो म्हणून पाणी दिसलं, नाही तर गेलोच असतो. त्या बाया..."

अंबूबाईंनी पुरीचा तुकडा मोडला, भाजीत बुडवला, खाल्ला.

"दिसलं की मला. तू टाळी वाजवलीस तेव्हाच म्हटलं, गेला हा."

"मग?"

"मग काय मग? तू पाठ फिरवलीस आणि मी बायांकडं निघाले. तू बोंबलत आलास तेव्हा चौघी उठल्यासुद्धा होत्या, बाकीच्या पिठाचे हात पुसत होत्या. तुला काय वाटलं, तुझ्या ओरडण्यानं उठल्या? तू येशील म्हणून मी हातावर हात ठेवून बसणार होते होय रे? तुझ्या भरवशावर?"

मला वाईट वाटायला हवं होतं. सकाळपासून ज्या गोष्टीसाठी पाठ थोपटून घेत होतो ती गोष्ट म्हातारीनं दोन वाक्यांत काढून घेतली होती. पण वाईट वाटलं नाही. बाया वाचल्याच असत्या. मी भ्यायलो तरी वाचल्या असत्या, मी सरकारवाड्यात दगड दाखवत उभा असतो तरी वाचल्या असत्या. अकरा माणसांचा जीव माझ्यासारख्या माणसाच्या एका शब्दावर टांगलेला नव्हता. इतकं सुटल्यासारखं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं आणि खरं सांगतो, त्यानंतरही कधी वाटलं नाही.

"म्हणजे मी आलो नसतो तरी चाललं असतं," मी म्हणालो.

"बायांचं चाललं असतं. रऊफलाही सांगितलं असतं मी, त्यानं ऐकलं असतं, नसतं." त्यांनी आपल्या पानातली जिलबी उचलून माझ्या पानात टाकली. "तुझं नसतं चाललं. जेव आता, भात निवतोय."

मी जेवलो. तीनदा भात मागून घेतला.